पाठराखीण

“हिला चार दिवस ठेवून घ्या, भाऊ,” गड्डमवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दारातच ती माझ्या हातात दिली.

ती म्हणजे एक कुंडी. खरं तर कुंडीही नव्हे, कान तुटलेला चहाचा कप. त्याला सोलापुरी चादरीच्या काठाची लाल पट्टी गुंडाळलेली आणि कपात मुठीएवढं, राखेच्या रंगाचं, जाड पानांचं एक रोप. दगडात कोरलेल्या कमळासारखं.

“घरात रंग काढलाय वो. भिंती खरवडायलेत. धुरळा बसला हिच्या अंगावर तर कालिंदीवहिनी मला सोडतील काय?”

गड्डमवहिनी आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मी कप घेऊन आत वळणार, तोच स्वयंपाकघरातून कालिंदीचा आवाज आला, “कोण आलंय हो?”

“गड्डमवहिनी. तू दिलेलं रोप आणलंय त्यांनी.”

“रोप काय म्हणता? गड्डमांची आली म्हणा! आणि उंबऱ्यातच थांबा. तशीच आत घेऊ नका तिला.”

मी थांबलो. कालिंदी एका हातात पाण्याची वाटी आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन आली. साठी उलटलेला मी, छातीशी चहाचा कप धरून उंबऱ्यात उभा, आणि माझी बायको त्या कपावरून, म्हणजे ओघानेच माझ्यावरूनही, भाकरतुकडा ओवाळते आहे. गड्डमवहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“हसू नका. माहेरी आलीय ती,” कालिंदी म्हणाली. “अंगानं बरी भरलीय तुमच्याकडे. सासू चांगली दिसते.”

“सासूला काम तरी काय ठेवलंय तुम्ही? पाणी घालायचं नाही, बोट लावायचं नाही. नुसतं बघत बसायचं सुनेकडं.”

दोघी हसल्या. मी कालिंदीच्या श्वासाकडे कान लावून होतो. स्वयंपाकघरातून दारापर्यंत येण्यात तिला दम लागला होता आणि तो हसण्यात लपवायचा ती प्रयत्न करत होती.

आदल्या महिन्यात तिच्या छातीत दुखलं होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि तिच्यासमोर म्हणाले, काही विशेष नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, जपा. तेव्हापासून वाचता वाचता मी पुस्तक उपडं ठेवून उठत असे आणि ती जिथे असेल तिथे जाऊन तिला बघून येत असे. ती विचारायची, “काय हवंय?” मी म्हणायचो, “चष्मा.” चष्मा माझ्या नाकावर असायचा.

आम्हाला मूलबाळ नाही. मी उभा जन्म एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढला. माणसांपेक्षा कपाटांशी माझं जास्त जमे. कालिंदीचं तसं नव्हतं. तिला माणसं लागत, देणंघेणं लागे. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या गॅलरीत एका लोखंडी घमेल्यात तिनं या झाडाची आई वाढवली होती. तिनं ती कुठून आणली ते मला आठवत नाही. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, “आली.”

या झाडाच्या बुडाशी पिल्लं फुटतात. विणायच्या सुईनं ती एकेक पिल्लू सोडवायची आणि लगेच मातीत घालायची नाही. सावलीत कागदावर ठेवायची. तोडल्याची जखम वाळेपर्यंत. “ओल्या जखमेनं दिलं तर कुजतं,” म्हणायची. मग वाळू, विटेचा चुरा, कोळशाची पूड, फुटका कप आणि चादरीची पट्टी. कुणाची वास्तुशांत असो, बारसं असो, लग्न असो, स्टीलच्या डब्याऐवजी आमच्या घरून हे जायचं. पानांवर पिठीसारखी पांढरी भुकटी असते. बोट लागलं की ती जाते आणि पुन्हा येत नाही. ते पान गळेपर्यंत बोटाचा ठसा तसाच राहतो. म्हणून ती स्वतः कधी पानाला बोट लावायची नाही आणि नेणाऱ्यालाही बजावून सांगायची.

आणखी एक तिची खास पद्धत होती. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्यासोबत माहेरची कुणीतरी पाठराखीण जाते, एखादी आजी नाहीतर धाकटी बहीण. तशी कालिंदी आईझाडाचं एक सुटं पान कपाच्या कोपऱ्यात, मातीवर आडवं ठेवून द्यायची. “परक्या घरी एकटीनं कशाला जायचं?” मग मातीवर चार तांदूळ टाकून ओटी भरायची, आणि कप दाराबाहेर पडताना त्या रोपाच्या वतीनं स्वतःच म्हणायची, “येते हं.” जाते असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही.

आणि एकदा दिलेल्या रोपाला मग सासरच्या आडनावानंच हाक. गड्डमांची. बिराजदारांची. लेकीबाळींची चौकशी करावी तशी ती सगळ्यांची चौकशी करायची. लोक आधी हसायचे, मग त्यांनाही सवय व्हायची. मला संकोच वाटे. पण वाचनालयातून रिकाम्या घरी परत येणं म्हणजे काय, हे मी तिच्यामुळे कधी अनुभवलं नाही, त्यामुळे मी गप्प राहत असे.

गड्डमांची आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बिराजदारसर आले. हे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पलीकडच्या गल्लीत राहत आणि माझ्याकडून पुस्तकं नेऊन त्यात पेन्सिलीनं चुका काढत.

“धारूरकर, हे घ्या तुमचं कन्यारत्न,” त्यांनी पिशवीतून कप बाहेर काढला.

“काय झालं?”

“आमचं मांजर. रोज हिच्यासमोर बसून रडतंय. खात नाही, पीत नाही. मंडळी म्हणाली, आधी हिला माहेरी सोडून या.”

“रडतंय म्हणजे?”

“म्हणजे रडतंय. कारण विचारू नका, मला मांजराची भाषा येत नाही.”

कालिंदीला आनंद झाला. भाकरतुकडा ओवाळून तिनं ती कुंडी गड्डमांच्या शेजारी ठेवली. “दोघी बहिणी पहिल्यांदाच भेटल्या बघा,” ती म्हणाली.

मग येतच राहिल्या. वाचनालयातला माझा जुना शिपाई नागनाथ सायकलवरून घेऊन आला. त्याला काही दिवस मुलाकडे राहायला जायचं होतं. बँकेतल्या मेहेत्रेबाईंची बदली झाली होती. तळमजल्यावरच्या नव्या जोडप्याच्या खिडकीसमोर भिंत उभी राहिली होती, त्यांच्याकडे ऊन येईना. कुणी श्रीशैलला निघालं होतं, कुणाच्या घरी लग्न होतं. ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. ते म्हणत मात्र सगळे एकच होते. हिला चार दिवस ठेवून घ्या.

गॅलरीचा कठडा भरला, मग खालची फळी भरली. कालिंदी सकाळपासून तिथेच खुर्ची टाकून बसू लागली. तिच्या चेहऱ्यावर असं तेज मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती कुणाला तरी काहीतरी सांगत असायची; मी गेलो की गप्प व्हायची.

“काय बोलत होतीस?”

“बायकांचं आहे. तुम्ही जा, वाचा.”

एका सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेलो. ऊन समोरून, बाहेरून येत होतं. असली रोपं उजेडाकडे कलतात, हे मला तिनंच शिकवलं होतं. ती सगळीच्या सगळी घराच्या आत कलली होती. कालिंदीच्या रिकाम्या खुर्चीकडे.

“तू कुंड्या फिरवल्यास का?” मी तिला विचारलं.

“मी कशाला फिरवू?”

कदाचित कुंड्या त्यांच्या घरून आल्या तेव्हाच तशा कललेल्या असतील. कदाचित तिनं फिरवल्या असतील आणि विसरली असेल. मी तेव्हा असंच काहीतरी मनाशी म्हटलं. अजूनही म्हणतो. पण तो चहा मी तिथे प्यायलो नाही, आत येऊन प्यायलो.

“एक विचारू?” त्या दुपारी जेवताना मी म्हणालो. “सगळ्या आत्ताच का येताहेत? ना पंचमी, ना गौरी, ना दिवाळी. मार्गशीर्षात कोण माहेरी येतं?”

“आईची आठवण यायला सण लागतो का हो?” ती म्हणाली आणि तिनं मला आणखी भात वाढला. मग जरा थांबून म्हणाली, “आता एकटी गुलबर्ग्याची राहिली. तेवढी आली की सगळ्या आल्या.”

सगळ्या आल्या. हे शब्द मी पूर्वी कुठेतरी ऐकले होते. वाचलेल्या गोष्टी मला लगेच सापडतात, ऐकलेल्या सापडत नाहीत. हात धुताना आठवलं.

माझे वडील गेले तेव्हाची गोष्ट. आम्ही तेव्हा माढ्याला होतो. वडिलांना साधा ताप होता, कुणी कुणाला निरोप पाठवला नव्हता. तरी थोरली बहीण आली, हुरडा घेऊन. मधली आली, मुलीचं स्थळ बघायला. धाकटी येणारच नव्हती, तिच्या घरी पाहुणे होते. पण तीही संध्याकाळच्या एसटीनं उतरली. म्हणाली, उगीच यावंसं वाटलं. वडिलांनी अंथरुणातून मान वर करून तिघींकडे पाहिलं. ते हसले आणि म्हणाले, “सगळ्या आल्या? एकदम कशा काय गं आलात?” दुसरा दिवस त्यांनी पाहिला नाही.

मी नळ बंद करायचा विसरलो होतो. कालिंदी आतून ओरडली, “पाणी वाहतंय हो!”

मी मोठ्या धीराचा माणूस नाही. अशी भीती कुणाला सांगायची म्हटलं तरी माझी जीभ लुळी पडते. तरी चपला घातल्या आणि बिराजदारसरांकडे गेलो.

“सर, तुमची कुंडी तेवढी घेऊन जाल का परत?”

“का हो? एवढ्यात लेक जड झाली?”

“तसं नाही. कालिंदीला पाणी घालायचा त्रास होतो.”

“पाणी?” सर मोठ्यानं हसले. “पंधरवड्यातून एक चमचा पाणी! धारूरकर, तुम्हाला खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही. काय झालंय? वहिनी बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत.”

“मग राहू द्या की चार दिवस. आमचं मांजर आता कुठे दूध प्यायला लागलंय.”

काय बोलणार होतो? गणिताच्या मास्तरांना कुंड्या का आल्या ते सांगणार होतो? परत येताना मी गड्डमवहिनींची बेल वाजवली, दार कुणी उघडलं नाही. आतून भिंत खरवडल्याचा आवाज येत होता.

जिन्यात उभं राहून मी विचार केला, आणि एकदम मला हायसं वाटलं. गुलबर्ग्याची येणार नव्हती. ती येऊच शकत नव्हती.

गुलबर्ग्याची म्हणजे वैजयंताकडची. वैजयंता वाचनालयात माझी मदतनीस होती. गुणी मुलगी, आईविना वाढलेली. तिच्या लग्नात कालिंदीनं दिलेलं पिल्लू हे तिनं कुणालाही दिलेलं पहिलं पिल्लू. गुलबर्ग्याला गेल्यावर वर्षभरातच ते कुजलं. वैजयंतानं वाचनालयाच्या फोनवर मला रडत सांगितलं होतं, “काका, काकूंना नका सांगू.” मी सांगितलं नाही. कालिंदी दर दिवाळीला वैजयंताला फोनवर विचारायची, “आमची कशी आहे?” आणि ती बिचारी म्हणायची, “छान आहे काकू.”

म्हणजे सगळ्या येणं आता शक्य नव्हतं. एक कायमची कमी पडणार होती. एखादं रोप मेलं म्हणून मला आनंद व्हावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

त्या रात्री मला चांगली झोप लागली. तरी माझा स्वभाव असा की छापून आलेली गोष्टही दुसऱ्या पुस्तकात पडताळून पाहिल्याशिवाय मला खरी वाटत नाही. सकाळी कालिंदी अंघोळीला गेलेली बघून मी गुलबर्ग्याला फोन लावला. वैजयंताला एवढंच विचारायचं होतं, ते रोप गेलंच होतं ना?

फोन तिच्या सासूबाईंनी उचलला.

“वैजयंता आहे का? मी सोलापूरहून धारूरकर.”

“तुम्ही व्हय? ती तुमच्याकडंच आली की. सकाळच्या गाडीनं.”

“माझ्याकडे? का?”

“का ते काय की. काल संध्याकाळी गच्चीवरनं खाली आली आणि म्हणाली, उद्या सोलापूरला जाते. मी म्हटलं काय काम? म्हणाली, काम काय नाही, उगीच जावंसं वाटायलंय.”

मी फोन ठेवला. बाथरूममधून पाण्याचा आणि तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. मी पुढचं दार उघडलं आणि ते मागे ओढून घेऊन बाहेरच उभा राहिलो. वैजयंताला जिन्यातूनच परत पाठवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती नुसती भेटायला येत असेल तर येऊ दे. पण तिच्या हातात काही असेल तर नाही.

ती जिना चढून वर आली तेव्हा खांद्याला पर्स होती आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत कान तुटलेला एक कप होता. चादरीची पट्टी उन्हानं विटून पांढरी पडली होती.

“काका! तुम्ही बाहेर का उभे?”

“हे काय आहे?” मी विचारलं.

“सांगते की. आत तर येऊ द्या.”

“इथेच सांग. ते मेलं होतं ना? तूच म्हणाली होतीस.”

“मेलंच होतं काका.” ती हळू आवाजात बोलू लागली. “मला फेकवलं नाही म्हणून कप गच्चीवर कोपऱ्यात ठेवून दिला होता. इतकी वर्षं बघितलंसुद्धा नाही. काल कपडे काढायला गेले आणि बघते तर हे. काकूंनी कोपऱ्यात एक पान ठेवलं होतं बघा, पाठराखीण म्हणून. ते फुटलंय.”

मी कपात पाहिलं. राखेच्या रंगाचं, ताठ, पूर्ण वाढलेलं रोप. एका रात्रीत वाढलेलं नव्हतं ते. वर्षानुवर्षं कुणी न बघता, कुणी पाणी न घालता वाढलेलं होतं.

“वैजयंता, माझं ऐक. हे आत नको नेऊस. घेऊन परत जा. मी तुला नंतर सगळं सांगतो.”

“काका, असं काय करताय?” ती घाबरली. “काकू बऱ्या आहेत ना?”

माझ्या पाठीमागे दार उघडलं.

ओले केस पाठीवर सोडलेली कालिंदी उभी होती. एका हातात पाण्याची वाटी, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. बेल तर वाजलीच नव्हती.

“लेकीला असं दारात उभं करतात का?” ती मला म्हणाली. मग कपाकडे वाकून तिनं नीट पाहिलं. “ही ती नव्हे.”

वैजयंताच्या डोळ्यांत पाणी आलं. “काकू, ती केव्हाच…”

“माहीत आहे मला. दर दिवाळीला तू किती पटकन ‘छान आहे’ म्हणायचीस! छान असलेल्याबद्दल माणूस घोळवून सांगतो गं.” तिनं तुकडा ओवाळला. “म्हणून तर सोबत दिली होती. नवरी गेली, पाठराखीण राहिली. ये बाई. तुझीच वाट होती.”

मी दारातून बाजूला झालो. दुसरं काय करायला हवं होतं, ते मला आजही सुचत नाही.

दुपारी जेवणं झाली. वैजयंता पाहुणी म्हणून कालिंदीनं शेंगापोळ्या केल्या होत्या, मी नको नको म्हणत असताना. जेवताना ती पुष्कळ बोलली, वैजयंताच्या सासूची नक्कल करून तिलाच हसवलं. मग तांदळाची वाटी घेऊन गॅलरीत गेली.

“आत्ता कशाला ओट्या?” मी विचारलं. “अजून कुणी न्यायला आलेलं नाही.”

“येतील. तेव्हा घाई होते.”

मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. दारातून गॅलरी दिसत होती. ती एकेका कपात तांदूळ टाकत होती आणि आडनाव घेऊन काहीतरी पुटपुटत होती. इतक्या वर्षांत कुणालाही बोट लावू न देणाऱ्या कालिंदीनं उजव्या हाताचा अंगठा पुढे केला आणि कुंकू लावावं तसा प्रत्येकीच्या मधल्या पानावर टेकवला. एकीच्या, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. शेवटी पाठराखिणीच्या. पांढऱ्या भुकटीवर हिरवे ठसे उमटत गेले.

मी उठून उभा राहिलो. “कालिंदी!”

“काय हो?” ती पदराला अंगठा पुसत आत आली. “दमले. जरा पडते. वैजयंताला चार वाजता चहा द्या, मला उठवू नका.”

ती पलंगाकडे निघाली, आणि दारात वळली. तिच्या हातात कप नव्हता. कुणाची पाठवणी चालली नव्हती. माझ्याकडे बघून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली,

“येते हं.”

मला वाटतं मी “बरं” म्हणालो. की “ये” म्हणालो? फार वेळा आठवून बघितलं. चार वाजता चहा झाला तेव्हा ती गेलेली होती. वैजयंता आणि मी बाजूच्या खोलीत असताना, आवाज न करता.

तेराव्यानंतर लोक आपापल्या कुंड्या न्यायला आले. गॅलरीतलं आईझाड तोवर पानं गाळून नुसत्या दांड्यावर आलं होतं. त्या दिवसांत मी पुष्कळ विचार केला होता आणि एक ठरवलं होतं. ओट्या भरलेल्याच होत्या. मी प्रत्येक कप दारापर्यंत नेला, आणि तो हातातून सोडताना रोपाकडे बघून, न्यायला आलेल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो, “जा.” ‘ये’ म्हणालो नाही. माझ्यापुरता हा येण्याजाण्याचा धागा मला तोडून टाकायचा होता.

पण गड्डमवहिनी दोन पायऱ्या चढून गेल्या, पदरानं डोळे पुसले आणि कप छातीशी धरून वळल्या. “येते हं भाऊ,” म्हणाल्या. बिराजदारसर म्हणाले, “येतो धारूरकर.” नागनाथ म्हणाला, “येतो साहेब.” वैजयंता पाया पडून म्हणाली, “येते काका.” सगळ्यांच्या हातात कप होते. माणसं दारातून निघताना दुसरं म्हणतात तरी काय?

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी एकटा राहतो, वाचतो, थोडं विसरतो. गड्डमवहिनीही राहिल्या नाहीत. वर त्यांची सून असते. माझी तब्येत वयाच्या मानानं ठीक आहे. मागच्या आठवड्यात साधा ताप येऊन गेला, एवढंच.

हे सगळं आज लिहायला घेतलं, कारण सकाळी बेल वाजली. गड्डमांची सून दारात उभी होती. वरच्या घरात पुन्हा रंगकाम काढलंय म्हणे.

“आजोबा,” ती म्हणाली, “हिला चार दिवस ठेवून घ्याल?”

कप तोच होता. चादरीची पट्टी नवी होती. मी तिला उंबऱ्यातच थांबायला सांगितलं. ती गोंधळून उभी राहिली. स्वयंपाकघरात भाकरी नव्हती, कालची पोळी होती. तिचा तुकडा तोडला, वाटीत पाणी घेतलं आणि कालिंदी करायची तसं ओवाळलं. पोरगी हसली नाही.

मग कुंडी गॅलरीत नेली आणि रिकाम्या घमेल्याशेजारी, उन्हात ठेवली. माझी खुर्ची जवळ ओढली. रोपावर भुकटी दाट होती, कुठे ठसा नव्हता. त्या वेळची पानं कधीच गळून गेली असणार. ऊन बाहेरून येत होतं आणि ती आत कलली होती.

मी वाकलो आणि तिला हळूच विचारलं, “बाकीच्या कुठवर आल्या गं?”